‘मवाली’ : व्युत्पत्ती, अर्थापकर्ष आणि नजर

१

अशिष्ट शब्दांविषयी मराठी समीक्षेत एक समजूत मूळ धरून आहे. अशा शब्दांना कूळ नसते, ते रस्त्यावर जन्मतात आणि रस्त्यावरच मरतात, असे गृहीत धरले जाते. १९६० नंतरच्या कथा-कादंबरीतील आणि कवितेतील महानगरीय बोलीची चर्चा झाली तेव्हाही ती प्रामुख्याने श्लील-अश्लीलतेच्या, वास्तवदर्शनाच्या किंवा फार तर ‘नव्या अनुभवविश्वा’च्या अंगाने झाली. त्या बोलीतील शब्दांना स्वतःचा इतिहास असू शकतो, आणि तो इतिहास साहित्यकृतीच्या अर्थनिर्णयात उतरू शकतो, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. शब्द अशिष्ट ठरला की त्याची जागा परिशिष्टातील शब्दार्थसूचीत, असाच काहीसा व्यवहार राहिला.

‘मवाली’ हा शब्द या समजुतीची परीक्षा घेण्यास योग्य आहे. मुंबईच्या बोलीतून तो साऱ्या मराठी मुलखात पसरला. शाळेतल्या मुलाला तो कळतो, वृत्तपत्राला तो चालतो, आणि तरीही तो सभ्य शब्द नाही. त्याचा अर्थ विचारल्यास बहुतेक मराठी भाषक ‘गुंड’ असे उत्तर देतील. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. गुंड, दादा, भाई, टगा, टवाळ, टपोरी या शब्दांच्या मालिकेत ‘मवाली’ची जागा वेगळी आहे, आणि ती जागा त्याला कशी मिळाली हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

२

‘मवाली’चे मूळ अरबी. ‘मौला’ या नामाचे ते अनेकवचन. ज्या धातूपासून ‘मौला’ सिद्ध होतो त्याचा मूळ भाव जवळीक, सांनिध्य, संबंध असा आहे, आणि त्या धातूची प्रजा मराठीत विपुल आहे. वली, अवलिया, विलायत, मौलवी, मौलाना, मुल्ला हे सारे शब्द त्याच घराण्यातले. ‘त्याला आता कोणी वाली उरला नाही’ या अस्सल मराठी वाटणाऱ्या वाक्यातील ‘वाली’ही त्याच कुळातला. पाठीराखा, सांभाळ करणारा, जबाबदारी घेणारा असा त्याचा अर्थ.

‘मौला’ या शब्दाचे वैशिष्ट्य असे की तो नात्याच्या दोन्ही टोकांना लागू पडतो. धनी हाही मौला आणि त्याचा आश्रित हाही मौला. मुक्त करणारा हाही मौला आणि मुक्त झालेला दास हाही मौला. एकाच शब्दात परस्परविरोधी अर्थ नांदण्याच्या या प्रकाराला अरबी कोशकारांनी ‘अद्दाद’ अशी स्वतंत्र संज्ञा दिली आणि अशा शब्दांचे संग्रह केले. हा केवळ कोशगत चमत्कार नव्हे. गदीर खुम येथे पैगंबरांनी अलींविषयी हा शब्द उच्चारला. त्याचा अर्थ ‘स्वामी’ घ्यावा की ‘स्नेही’, हा शिया आणि सुन्नी परंपरांमधील मूलभूत अर्थविवादांपैकी एक आहे. एका शब्दाच्या दोन अर्थांवर एवढा भार पडल्याची उदाहरणे भाषेच्या इतिहासात थोडी आहेत.

उमय्या खिलाफतीच्या काळात (६६१ ते ७५०) ‘मवाली’ या अनेकवचनाला निश्चित सामाजिक अर्थ आला. इस्लामचा स्वीकार केलेल्या, पण अरब नसलेल्या माणसाला कोणत्या तरी अरब टोळीचे आश्रितत्व पत्करल्याखेरीज समाजात उभे राहता येत नसे. इराणी, अरामी, कॉप्ट, बर्बर अशा नवमुस्लिमांचा हा वर्ग म्हणजे ‘मवाली’. धर्मतत्त्वानुसार ते समान होते, व्यवहारात दुय्यम. धर्मांतर केल्यावरही त्यांच्याकडून कित्येकदा जिझिया वसूल केला जाई. इराकचा सुभेदार हज्जाज याने शहरात आलेल्या अशा लोकांना पुन्हा त्यांच्या खेड्यांत पिटाळले. दुसऱ्या उमरने (७१७ ते ७२०) ही विषमता दूर करण्याचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. ७५० मध्ये उमय्यांची सत्ता उलथून अब्बासी सत्तेवर आले त्यामागच्या शक्तींत मवालींच्या असंतोषाचा वाटा मोठा होता.

यातील उपरोध लक्षात घेण्याजोगा आहे. अरबी भाषेचे पहिले महान व्याकरण ज्याने रचले तो सीबवैह इराणी होता, आणि त्याची सामाजिक गणना मवालींमध्येच होत असे. ज्यांना भाषेच्या उंबऱ्याबाहेर उभे केले त्यांच्यातल्याच एकाने त्या भाषेचे नियम घालून दिले.

३

हा शब्द मुंबईच्या नाक्यावर कसा आला? फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचा विशिष्ट अरबी इतिहास मागे पडला होता आणि ‘आश्रित, अनुयायी, भोवतालची माणसे’ एवढा सामान्य अर्थ उरला होता. उर्दू-हिंदीतील ‘हाली-मवाली’ हा जोडशब्द या टप्प्याचा साक्षीदार आहे. एखाद्या बड्या असामीच्या भोवती घुटमळणारे, तिच्या जिवावर जगणारे, होयबा म्हणणारे लोक म्हणजे हाली-मवाली. मराठीतील ‘बगलबच्चे’ किंवा ‘हुजरे’ या शब्दांच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे. येथे अजून गुन्हेगारी नाही, हिंसा नाही. मात्र काम न करता कोणाच्या तरी सावलीत राहणे आहे.

दुसरी वाट दर्ग्यांवरून आणि तकियांवरून जाते. मौला अलींचे नाव घेत भटकणारे, भांग-चरस ओढणारे मलंग फकीर सिंध-पंजाबात सर्वपरिचित आहेत. सिंधी भाषेत ‘मवाली’ म्हणजे भांग-गांजाचा व्यसनी. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता आणि कराची-मुंबई यांच्यातील माणसांची, मालाची आणि शब्दांची ये-जा सततची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या अर्थच्छटेचा मुंबईशी असलेला संबंध दूरान्वयाचा वाटत नाही. आश्रित आणि व्यसनी, या दोन अर्थांचा समान गाभा एकच आहे : घरदार, धंदा आणि नेमका पत्ता यांच्या बाहेर असणे. गिरण्या-गोद्यांच्या मुंबईत, जेथे माणसाची ओळख त्याच्या खात्यावरून, चाळीवरून आणि गावावरून ठरत होती, तेथे अशी ओळख नसलेल्याला लावण्यास हा शब्द तयारच होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शहरातील दंग्यांविषयीच्या सरकारी इंग्रजीत ‘मवाली’ हा देशी शब्द ‘हूलिगन’च्या शेजारी, जणू त्याचा पर्याय म्हणून, आढळतो. ही जोडी अर्थपूर्ण आहे. ‘हूलिगन’ हा शब्दही तेव्हा नवाच होता. लंडनच्या वृत्तपत्रांत तो १८९८ च्या सुमारास रूढ झाला, आणि त्याचे मूळ एका आयरिश आडनावात सांगितले जाते. म्हणजे एका साम्राज्याच्या राजधानीत आयरिश उपऱ्याचे नाव आणि त्याच साम्राज्याच्या एका बंदरात अरबांच्या उपऱ्याचे नाव, हे दोन शब्द कागदावर एकमेकांना भेटले आणि समानार्थी ठरले.

‘मवाली’ची आणखी एक व्युत्पत्ती सहज सुचण्यासारखी आहे : ‘मावळी’ किंवा ‘मावळा’ यावरून. ध्वनिदृष्ट्या ती ग्राह्य नाही. मराठीने आपल्याच शब्दातील ‘ळ’ टाकून ‘ल’ का घ्यावा, पहिला दीर्घ स्वर ऱ्हस्व आणि दुसरा ऱ्हस्व स्वर दीर्घ का करावा, याचे उत्तर तीत नाही. तथापि अशा लोकव्युत्पत्तींचे आकर्षण हेच दाखवते, की तिरस्काराच्या शब्दामागे हरपलेली प्रतिष्ठा शोधण्याची भाषिक समाजाला ओढ असते. ‘मवाली’च्या बाबतीत ती प्रतिष्ठा सह्याद्रीच्या खोऱ्यात सापडत नाही, ‘मौला’ या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला सापडते.

४

शब्द मराठी झाला याचा खरा पुरावा त्याच्या रूपात असतो. मराठीने अरबी अनेकवचने एकवचनी म्हणून स्वीकारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अवलिया हे वलीचे, उमराव हे अमीरचे, अहवाल हे हालचे, औलाद हे वलदचे, आणि नवाब हे नायबचे अनेकवचन. यांपैकी ‘नवाब’, ‘उमराव’ आणि ‘अवलिया’ यांच्याशी ‘मवाली’ची तुलना उद्बोधक ठरते. त्या तीन शब्दांत अनेकवचन एका व्यक्तीला मोठेपण देते. ‘मवाली’त अनेकवचन व्यक्तीला गर्दीत ढकलते. एकटा मवाली डोळ्यांसमोर आणणे अवघड जाते. तो नाक्यावरच्या चौघांपैकी एक असतो. व्याकरणातून वचन गेले तरी अर्थातून ते गेलेले नाही.

सामान्यरूपाचा पुरावा याहून सूक्ष्म आहे. मराठी भाषक ‘मौलवींनी’ असे म्हणतो. शब्दाचा परकेपणा आणि त्याचा आब दोन्ही राखतो. ‘मवाली’चे मात्र माळी-धोबी-कैदी यांच्याप्रमाणे ‘मवाल्याने’, ‘मवाल्यांना’ असे रूप होते. एकाच धातूची दोन लेकरे, पण एकाला भाषेने पाहुण्यासारखे वागवले आणि दुसऱ्याला घरात घेऊन खालच्या पंक्तीला बसवले. अंत्य ‘ई’ मुळात अरबी अनेकवचनाचा भाग. मराठीच्या कानाला ती ‘कैदी’, ‘खुनी’, ‘दंगेखोरी’ यांच्या शेजारची वाटली. ‘टवाळ’ आणि ‘उनाड’ यांचा नाद आणि अर्थ आधीच उपलब्ध होता. ‘मवालीगिरी’ आणि ‘मवालीपणा’ ही साधिते सिद्ध झाल्यावर शब्दाचे नागरिकत्व पूर्ण झाले. त्याचे स्त्रीलिंगी रूप मात्र प्रमाण मराठीत रूढ झाले नाही. नाका ही पुरुषांचीच जागा राहिली, हे समाजशास्त्रीय सत्य व्याकरणाने असे निमूटपणे नोंदवले आहे.

भाषाशुद्धीच्या इतिहासातही या शब्दाचे स्थान सूचक आहे. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’ने दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीने दिनांक, महापौर असे शब्द रूढ केले. दोन्ही प्रयत्नांचा रोख सत्ता, कारभार आणि प्रतिष्ठा यांच्या शब्दावलीवर होता. ‘मवाली’ला प्रचारात आलेला एकही शुद्ध पर्याय नाही. आपल्या प्रतिष्ठेची नावे स्वभाषेत हवीत, हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण अप्रतिष्ठेची नावे परभाषेत राहिली तरी कोणाची हरकत नसते.

५

‘मवाली’चा आजचा अर्थ समजून घेण्यासाठी त्याचे प्रयोग पाहिले पाहिजेत. ‘काय हे मवाल्यासारखे केस वाढवलेस!’ असे घरातील वडीलधारी माणूस म्हणते. या वाक्यात गुन्ह्याचा संशयसुद्धा नाही. ‘गुंडासारखा वागतो’ आणि ‘मवाल्यासारखा दिसतो’ हे दोन प्रयोग मराठीत स्वाभाविक आहेत. त्यांच्या क्रियापदांची अदलाबदल केल्यास वाक्ये अशक्य होत नाहीत, पण तितकी सहज राहत नाहीत. गुंडाचा पुरावा कृतीत असतो. मवाल्याचा पुरावा केसांत, कॉलरच्या उघड्या गुंडीत, चालण्याच्या ढबीत आणि शिटीत असतो. ‘मवाली’ हा कृतीविषयीचा शब्द नसून पाहण्याविषयीचा शब्द आहे.

कायद्याच्या भाषेची साक्ष या विधानाला बळकटी देते. बंगालमध्ये १९२३ मध्ये गुंडांविषयीचा कायदा झाला. उत्तर प्रदेशात १९७० मध्ये. महाराष्ट्राच्या १९८१ च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याच्या शीर्षकात ‘झोपडपट्टीदादा’ हा शब्द आहे. ‘गुंड’ आणि ‘दादा’ यांना अशा प्रकारे व्याख्या मिळाली. ‘मवाली’ला कायद्याने व्याख्येत घेतले नाही. याचे कारण उघड आहे. दादाचे क्षेत्र असते, त्याची दहशत मोजता येते, तो हप्ता घेतो आणि प्रसंगी संरक्षणही देतो. नात्याचे नाव त्याला उगीच मिळालेले नाही. मवाल्याकडे यांतले काही नसते. तो दादाच्या सावलीत उभा असतो, म्हणजे पुन्हा आश्रितच. बाराशे वर्षांच्या प्रवासानंतर शब्दाने आपला जुना अर्थ टाकलेला नाही, असे यामुळे दिसते.

सी. एस. लुइस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ (१९६०) या ग्रंथात दर्जावाचक शब्दांच्या नैतिकीकरणाची प्रक्रिया वर्णिली आहे. खेडूत असा अर्थ असलेला शब्द इंग्रजीत ‘व्हिलन’, म्हणजे खल, झाला. कुलीन असा अर्थ असलेला शब्द उदात्त झाला. माणसाचे स्थान प्रथम नावात येते आणि कालांतराने ते त्याचा स्वभाव म्हणून वाचले जाते. मराठीत या प्रक्रियेचे अधिक कठोर उदाहरण ‘बेरड’ या शब्दाचे आहे. एका जमातीचे नाव निर्ढावलेपणाचे विशेषण बनले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच प्रक्रिया राजमुद्रेसह पार पाडली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. विशेषणे रद्द करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नसते. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले तेव्हा त्या नावाचा वक्ता बदलला, आणि वक्ता बदलताच शब्दाचा अर्थही जागचा हलला.

६

येथे साहित्याचा प्रश्न सुरू होतो. ‘मवाली’ हा मुळात तृतीयपुरुषी शब्द आहे. ‘तो मवाली आहे’ हे वाक्य भाषेत नैसर्गिक आहे. ‘मी मवाली आहे’ हे वाक्य केवळ उपरोधाने, आव्हान म्हणून किंवा नाट्यगृहाच्या टाळीसाठी उच्चारले जाते. १९८३ साली या नावाचा हिंदी चित्रपट निघाला तेव्हा शब्दाला नायकाचे ग्लॅमर मिळाले, पण ते पोस्टरवरचे, नाक्यावरचे नव्हे.

भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’चे (१९६५) महत्त्व या दृष्टीने पुन्हा तपासले पाहिजे. नाक्यावर वेळ काढणाऱ्या तरुणांचे हे जग पोक्या हा त्यांच्यातलाच एक जण सांगतो. जो आजवर पाहिला जात होता तो येथे पाहू लागतो. त्यामुळे ‘मवाली’ या वर्गीकरणाचा आधारच नाहीसा होतो; आपल्या मित्रांकडे पाहताना पोक्याला त्यांची नावे दिसतात, जात-जमात नव्हे. ‘वासूनाका’वर उसळलेला वाद श्लीलतेच्या परिभाषेत लढला गेला. त्या परिभाषेआड एक वेगळी अस्वस्थता होती, असे म्हणता येईल : ज्याच्याविषयी बोलायचे तोच बोलू लागला, आणि तो बोलताना क्षमा मागत नव्हता. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) ही कादंबरी झोपडपट्टीचे जग करुणेने उभे करते. ‘वासूनाका’ करुणेची अपेक्षाच ठेवत नाही. त्यामुळे तो वाचकाला अधिक अवघड जातो.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) हा व्यवहार आणखी पुढे नेला. विजय तेंडुलकरांनी या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. तीत त्या वस्तीतील शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घेण्याचा प्रसंग येतो. मराठी साहित्यव्यवहारातील हा एक लक्षणीय क्षण आहे. प्रमाणभाषेचा एक समर्थ लेखक येथे मराठीच शब्दांचा अर्थ विचारतो, म्हणजे शिक्षकाची जागा सोडतो. कोश कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न अशा रीतीने कवितेच्या दारातच उभा राहतो. वोलोशिनोव यांनी १९२९ मध्ये चिन्हाला वर्गसंघर्षाचे रणक्षेत्र म्हटले होते. ‘गोलपिठा’च्या संदर्भात हे विधान सिद्धांत राहत नाही, ते पानोपानी घडताना दिसते.

७

व्युत्पत्तीच्या आधारे शब्दाचा आजचा अर्थ ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘मवाली’ मुळात नवमुस्लिम आश्रितांचा वाचक होता म्हणून आज तो तसा आहे, असा निष्कर्ष भाषाशास्त्राला मान्य होणार नाही; आणि त्याचा सामाजिक दुरुपयोग होऊ शकतो तो वेगळाच. नाक्यावरच्या मुलाला हाक मारणाऱ्याला उमय्या खिलाफत ठाऊक नसते. सोस्यूरने एककालिक आणि कालक्रमिक अभ्यासांत केलेला भेद याच सावधगिरीसाठी आहे.

पण ही सावधगिरी म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरवणे नव्हे. ‘मवाली’च्या इतिहासातून शब्दाचा अर्थ नव्हे, तर त्याची रचना हाती लागते. प्रत्येक टप्प्यावर वस्तू बदलली : टोळीचा आश्रित, धनिकाचा होयबा, तकियावरचा व्यसनी, दंग्यातला अनामिक, नाक्यावरचा तरुण. बदलले नाही ते नाते. बोलणारा आत आहे आणि ज्याच्याविषयी बोलले जात आहे तो उंबऱ्यावर आहे. पूर्ण बाहेर नाही, कारण तसे असते तर त्याला नाव देण्याची गरजच भासली नसती. शत्रूसाठी भाषेकडे अन्य शब्द असतात. ‘मवाली’ हा शेजाऱ्यासाठीचा शब्द आहे, ज्याचे शेजारपण मान्य करायचे नाही.

मराठीत ‘वाली’ आणि ‘मवाली’ हे दोन शब्द एकमेकांना ओळखत नाहीत. पहिला करुणेच्या वाक्यात येतो, दुसरा तिरस्काराच्या. ज्याला कोणी वाली नाही त्याच्याविषयी हळहळ वाटते. तोच चार दिवसांनी नाक्यावर उभा दिसला की त्याला मवाली म्हटले जाते. दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत हे मराठी भाषक विसरला आहे, आणि तसे विसरण्याचा त्याला हक्कही आहे. समीक्षेला तो नाही. महानगरीय साहित्यातील अशिष्ट शब्द वाचताना तिने त्यांचा अर्थ तळटीपेत देऊन पुढे जाऊ नये. तो शब्द कोण, कोणाकडे पाहून आणि कोणत्या अंतरावरून उच्चारतो आहे, हे आधी विचारावे. ‘वासूनाका’ आणि ‘गोलपिठा’ यांच्या वाचनात राहिलेले काम बहुधा येथूनच सुरू करावे लागेल.